कागदाचा तंतू किती जन्म घेतो?



दिवाळी तोंडावर आली आहे, तेव्हा घराघरांत आवराआवर सुरू झाली असणार. कंदील, पणत्या, मुलांचे कपडे, सगळं ऑनलाइन मागवल्यामुळे गॅरेजमध्ये खोक्यांचा ढीग झाला असेल. बेसमेंटमधून जुने दिवाळी अंक, मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्या, बँकेची पत्रं बाहेर निघाली असतील. भारतात असतो तर रद्दीवाल्याला हाक मारली असती. त्याचा तराजू, त्याचं वजन आणि किलोमागे रुपया-दोन रुपयांची घासाघीस! इथे अमेरिकेत ते काहीच नाही. ठरलेल्या दिवशी रिसायकलिंगचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवायचा, ट्रक येतो आणि घेऊन जातो. पुढे काय होतं ते आपल्याला दिसत नाही.

जे दिसत नाही त्याबद्दल शंका येते. आपल्या एका श्रोत्या ताईंनी विचारलं आहे: "माझ्या मुलीला शाळेत सांगितलं की कागद फक्त सात वेळा रिसायकल होतो, मग तो संपतो. त्यावर हे म्हणतात, शेवटी संपणारच असेल तर एवढं वेगळं करण्याचा उपद्व्याप कशाला? खरं काय ते सांगाल का?"

ताई, प्रश्न चांगला आहे. मुलीच्या शाळेतलं चूक नाही, पण ते अर्धंच आहे. आणि तुमच्या यजमानांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. ते का, हे आज समजून घेऊ. त्यासाठी आधी कागदाच्या पोटात शिरावं लागेल.

हाताशी एखादा कागद असेल तर त्याचा कोपरा फाडा आणि फाटलेली कड दिव्यासमोर धरा. कडेला बारीक केसांसारखी लव दिसेल. ते कागदाचे तंतू. लाकडाच्या ज्या पेशी असतात, त्याच हे तंतू. अमेरिकेच्या दक्षिण भागात, जॉर्जिया, अलाबामा या राज्यांत पाईनची मोठी जंगलं आहेत. त्या पाईनचा तंतू साधारण ३ ते ४ मिलिमीटर लांब असतो. निलगिरीचा तंतू जेमतेम १ मिलिमीटर किंवा त्याहून थोडा कमी. रुंदी म्हणाल तर पाईनचा तंतू आपल्या डोक्यावरच्या केसाच्या अर्ध्याइतका.

हा तंतू भरीव नसतो. भाताच्या पेंढ्याची काडी जशी आतून पोकळ असते, तशी ही एक सूक्ष्म नळी असते. तिची भिंत सेल्युलोजच्या अतिशय बारीक धाग्यांनी बनलेली असते, दोराला पीळ घालावा तशी. पाण्यात टाकली की ही भिंत पाणी पिते, फुगते, मऊ होते. मग गिरणीत हा लगदा रिफायनर नावाच्या यंत्रातून काढतात. तिथे तंतू रगडले जातात आणि त्यांच्या अंगावरचे बारीक धागे सुटे होतात. गावाकडे बाभळीचं दातण ज्यांनी केलंय त्यांना हे लगेच कळेल. काडीचं टोक चावलं की त्याचा कुंचा होतो, अगदी तसं.

हा लगदा जाळीवर पसरतात. त्या वेळी त्यात ९९ टक्क्यांच्या वर पाणी असतं. पाणी निथळतं, मग लगदा दाबला जातो, मग वाफेने तापवलेल्या मोठमोठ्या रुळांवरून जात तो वाळतो. वाळता वाळता तंतू एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांच्यात थेट बंध तयार होतात. शास्त्रात त्याला हायड्रोजन बंध म्हणतात. डिंक नाही, खळ नाही, तरी कागद एकसंध राहतो तो मुख्यतः या बंधांमुळे. उन्हात वाळत घातलेला पंचा कसा कडक होतो? सुतामध्येही सेल्युलोजच असतं. वाळताना त्याचे धागे एकमेकांना धरून बसतात. पंचा हाताने चोळला की ते सुटतात आणि तो पुन्हा मऊ होतो. कागदातली पकड यापेक्षा कितीतरी पक्की असते.

म्हणजे कागदाची ताकद दोन गोष्टींवर ठरते. एक, तंतू किती लांब आहे. आणि दोन, तो शेजारच्या तंतूला किती घट्ट धरतो. आता रिसायकलिंगमध्ये या दोन गोष्टींचं काय होतं ते पाहू.

बहुतेकांना वाटतं की कागद पुन्हा पुन्हा वापरला की तंतू तुटत जातात आणि आखूड होतात. ते होतंच, पण पहिलं नुकसान वेगळंच असतं आणि ते कागद पहिल्यांदा वाळतो तेव्हाच होऊन गेलेलं असतं. तुम्ही तो विकत घेण्याच्याही आधी!

होतं असं की तंतू वाळतो तेव्हा त्याच्या भिंतीतली बारीक छिद्रं मिटतात. भिंतीतले धागे आपापसांत चिकटतात. पुढे तोच कागद पाण्यात भिजवला, तर काही छिद्रं पुन्हा उघडतात, पण काही कायमची मिटलेलीच राहतात. आता तंतू पहिल्यासारखा फुगत नाही आणि पहिल्यासारखा लवचिकही होत नाही. कसुरी मेथी पाण्यात भिजवून पाहा. पानं उमलतात, भाजीही होते, पण ती बाजारातून आणलेली ताजी मेथी होत नाही. तंतूचं तसंच होतं. १९४४ साली गेऑर्ग यायमे या जर्मन शास्त्रज्ञाने या बदलाला जे नाव दिलं, त्याचा अर्थ आहे 'शिंगासारखं होणं'. इंग्रजीतही त्याला हॉर्निफिकेशन म्हणतात. मऊ तंतू शिंगासारखा ताठ होतो, म्हणून.

ताठ तंतू शेजाऱ्याला नीट बिलगत नाही. त्यामुळे रिसायकल केलेला कागद ओढला तर लवकर तुटतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली म्हणजे, हे नुकसान सगळ्यात जास्त पहिल्या एक-दोन फेऱ्यांत होतं. त्यानंतर घसरण मंदावते. चौथ्या-पाचव्या फेरीत तंतू काही अचानक मान टाकत नाही. दुसरी म्हणजे, सगळेच गुण कमी होत नाहीत. ताठ तंतूंचा कागद ओलाव्याने कमी फुगतो, त्यामुळे कमी वळतो. त्यातून पलीकडचंही कमी दिसतं, म्हणून दोन्ही बाजूंनी छापायला तो बरा पडतो.

गेलेली पकड गिरणीला थोडीफार परत आणता येते. लगदा पुन्हा रिफायनरमधून काढायचा, म्हणजे तंतूंना पुन्हा कुंचे फुटतात. पण याची किंमत द्यावी लागते. ताठ झालेला तंतू रगडताना तुटतो. तुकडे पडतात, पिठासारखा बारीक चुरा होतो. हा चुरा जाळीची भोकं बुजवतो, पाणी निथळायला वेळ लागतो, यंत्राचा वेग कमी करावा लागतो. म्हणून गिरणीतला माणूस सतत तोल सांभाळत असतो. कमी रगडलं तर पकड नाही, जास्त रगडलं तर लांबी नाही. तंतू आखूड होतो तो मुख्यतः इथे.

आणि हे सगळ्या कागदांना सारखं लागू नाही. तुमच्या दारात येणारा तपकिरी खोका क्राफ्ट कागदाचा असतो. क्राफ्ट हा जर्मन शब्द, त्याचा अर्थ ताकद. यात रसायनांनी लाकडातला लिग्निन नावाचा चिकट भाग बराचसा काढून टाकतात आणि लांब तंतू सुटे करतात. हे तंतू सुरुवातीला फार मजबूत असतात, आणि वाळताना ताठ होण्याचा त्रासही त्यांनाच जास्त. वर्तमानपत्राचा कागद मात्र लाकूड यंत्राने घासून, दळून केलेला असतो. त्यात लिग्निन तसाच राहतो. म्हणून तर जुना पेपर उन्हात पिवळा पडतो. पण त्याच लिग्निनमुळे त्या तंतूची भिंत वाळताना फारशी मिटत नाही. मुळात तो कमजोर, पण रिसायकलिंगने त्यात फार फरकही पडत नाही. आणि प्रिंटरच्या पांढऱ्या कागदात तर वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तंतू नसून खडूसारखी पांढरी भुकटी असते.

मग मंडळी, इतके वेगवेगळे कागद आणि सगळ्यांना मिळून 'सात' हा एकच आकडा कसा असेल? पाच ते सात वेळा हा आकडा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यानेही दिलेला आहे. तो ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे. पण जर्मनीत डार्मश्टाटच्या आणि ऑस्ट्रियात ग्राट्सच्या तंत्रविद्यापीठांतल्या संशोधकांनी अलीकडच्या वर्षांत पॅकिंगचा कागद आणि पुठ्ठा प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा भिजवून, वाळवून पाहिला. २५ फेऱ्या झाल्या तरी तो पुठ्ठा करण्याजोगा राहिला. हेही सांगायला हवं की ग्राट्सचा अभ्यास पुठ्ठ्याचे कार्टन बनवणाऱ्या उद्योगाच्या संघटनेने करवून घेतला होता. शिवाय प्रयोगशाळेत पिझ्झाचं तेल नसतं, फुटलेली काच नसते, पावसात भिजलेला डबा नसतो. तरी एक गोष्ट त्यातून नक्की कळते. सातव्या फेरीनंतर तंतू मरतो असं नाही.

मग नवीन झाडं का लागतात? कारण आपला तंतू सातव्या फेरीपर्यंत पोहोचतच नाही. तो वाटेतच हरवतो. आजचा खरा मुद्दा हा आहे, म्हणून थोडं गणित करू. मुलांना जवळ बोलवा.

अमेरिकेत २०१८ साली वापरलेल्या कागदापैकी साधारण ६८ टक्के कागद रिसायकलिंगसाठी गोळा झाला, असं पर्यावरण खात्याची आकडेवारी सांगते. हिशेबासाठी आपण ७० धरू. गिरणीत आल्यावर त्यातलाही काही भाग जातो. चिकटपट्टी, प्लॅस्टिक, शाई, चुरा. खोक्यांच्या गिरणीत १०० किलो रद्दीतून साधारण ९० किलो लगदा हाती लागतो असं धरू. छापील रद्दी धुऊन पांढरी करायची असेल तर नुकसान याहून बरंच जास्त असतं.

आता १०० किलो तंतूपासून सुरुवात करा. पहिल्या फेरीनंतर ७० किलो परत आले, त्यातले ९० टक्के वाचले, म्हणजे ६३ किलो. दुसऱ्या फेरीनंतर ६३ चे ६३ टक्के, म्हणजे साधारण ४० किलो. तिसऱ्यानंतर २५. चौथ्यानंतर १६. पाचव्या फेरीनंतर उरले फक्त १० किलो. बाकीचे ९० किलो म्हातारे होऊन गेले नाहीत. बहुतेक सगळे कुणाच्या तरी कचऱ्याच्या पिशवीतून गेले.

आता समजा, लोकांनी जरा काळजी घेतली आणि ७० ऐवजी ८५ टक्के कागद परत आला. गिरणी तीच, तंतू तोच. तर पाचव्या फेरीनंतर १० नाही, २६ किलो उरतात. अडीच पटीहून जास्त! युरोपातल्या कागद उद्योगाचा अंदाज असा की तिथे एक तंतू सरासरी साडेतीन वेळा वापरला जातो, आणि साऱ्या जगाची सरासरी याहूनही कमी आहे. म्हणजे तंतूची आयुष्यरेखा त्याच्या अंगात जितकी आहे, त्याहून जास्त आपल्या हातात आहे. ताई, यजमानांना हे जरूर ऐकवा.

याचा आपल्या माणसांशी आणखी एक धागा जुळतो. चीन पूर्वी जगभरातली रद्दी विकत घ्यायचा. २०१८ पासून त्याने मिश्र रद्दीवर बंदी आणली, आणि २०२१ च्या सुरुवातीपासून परदेशी कचरा घेणं पूर्ण बंद केलं. आता अमेरिकेची रद्दी घेणाऱ्या देशांत भारत एक मोठा ग्राहक आहे. भारतात घरोघरची रद्दी रद्दीवाला नेतो, मग आणखी बाहेरून कशाला? कारण भारतात लांब तंतूचं लाकूड कमी. तिथला कागद पुष्कळदा रद्दीचा, काही उसाच्या चिपाडाचा किंवा गव्हाच्या काडाचा. हे तंतू आखूड, आणि रद्दीतले तर अनेकदा फिरून आलेले. नुसत्या त्यांचा खोका केला तर तो भार सोसत नाही. म्हणून त्यात अमेरिकेतल्या जुन्या खोक्यांचा लगदा मिसळतात. त्या खोक्यांत पाईनचा लांब तंतू असतो, बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्याच फेरीतला.

महाराष्ट्राच्या सीमेला लागून गुजरातमध्ये वापी आहे. मुंबईहून सुरतेकडे जाताना लागतं. तिथे क्राफ्ट कागदाच्या पुष्कळ गिरण्या आहेत. मोरबीलाही आहेत. तेव्हा तुम्ही गॅरेजमधून बाहेर काढलेला खोका कदाचित जहाजाने तिकडे जाईल, त्याचा लगदा होईल आणि त्यातून झालेल्या नव्या खोक्यात भरून मुंबई-ठाण्याच्या एखाद्या दुकानात साबण किंवा बिस्किटं पोहोचतील. तुमच्या आईच्या किराण्याच्या दुकानातही! पण त्यासाठी तो इथून स्वच्छ आणि कोरडा निघायला हवा. ओला, बुरशी लागलेला, काचा आणि प्लॅस्टिक मिसळलेला गठ्ठा कुणाला नको असतो. तो नाकारला तरी जातो किंवा तिथल्या आवारात पडून राहतो, आणि आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकल्याचं पाप आपल्या माथी.

तर मग घरी काय करायचं? गावागावांचे नियम वेगळे असतात, तुमच्या गावाचे नियम एकदा पाहून घ्याच. पण तंतूची गोष्ट समजली की बहुतेक नियमांमागचं कारण आपोआप कळतं.

खोके उघडून सपाट करा आणि कोरडे ठेवा. डब्याचं झाकण लागलं पाहिजे. पाऊस असेल तर खोके बाहेर उघड्यावर ठेवू नका. नुसत्या पाण्याने तंतू मरत नाही, पण ओल्या पुठ्ठ्यावर बुरशी येते आणि बुरशी सेल्युलोजच खाते. चिकटपट्टी मोठी असेल तर ओढून काढा. स्टेपलच्या पिना काढत बसू नका, त्या गिरणीत वेगळ्या होतात.

पिझ्झाच्या खोक्याचा वाद प्रत्येक घरात असतो. थोडे तेलाचे डाग आता बऱ्याच गिरण्यांना चालतात. आत चीज चिकटलेलं असेल, तळ तेलाने निथळत असेल, तर तेवढा भाग फाडून कचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये टाका आणि झाकण रिसायकलिंगला द्या. कारण साधं आहे. तेल तंतूभोवती बसलं की तंतूंना एकमेकांचे हात धरता येत नाहीत.

बँकेची कागदपत्रं श्रेडरमधून काढता ना? गुप्त माहिती असेल तर काढायलाच हवीत. पण सगळाच कागद श्रेडरमध्ये घालू नका. त्या बारीक पट्ट्या वर्गीकरणाच्या यंत्रातून खाली गळतात आणि काचेबरोबर कचऱ्यात जातात. वर तंतूही कापले जातात. पानावरचा नाव-नंबरचा भाग तेवढा फाडून श्रेड करा, बाकीचं पान अख्खं द्या.

दुकानाच्या गुळगुळीत पावत्यांवर उष्णतेने उमटणारं रसायन असतं, त्या रिसायकलिंगमध्ये नकोत. कॉफीच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, तोही बऱ्याच गावांत चालत नाही. स्वयंपाकघरातले पेपर टॉवेल ओले झाले तरी फाटू नयेत म्हणून त्यांत मुद्दाम राळ घातलेली असते. त्यामुळे गिरणीत त्यांचा लगदा सहज होत नाही, शिवाय ते खरकटे असतात. ते कंपोस्टमध्ये.

आणि आता सणासुदीचं. भेटवस्तूंचा चकचकीत कागद मुठीत चुरगाळा आणि मूठ उघडा. चुरगळलेलाच राहिला तर बहुधा कागद आहे. उसळून उघडला तर त्यात प्लॅस्टिक किंवा वर्ख आहे, तो कचऱ्यात. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिकांचंही तेच. सोनेरी वर्ख, चमकी, मखमल लावलेली पत्रिका रिसायकल होत नाही. तिच्यावरचा गणपती कापून मुलांच्या हस्तकलेला ठेवा. नवी पत्रिका छापायची असेल तर हातकागदाचा विचार करा. तो बहुधा सुती चिंध्यांचा असतो. कापसाचा तंतू लाकडाच्या तंतूपेक्षा कितीतरी लांब, म्हणून हातकागद दणकट असतो.

विकत घेतानाही थोडा विचार करा. टॉयलेट पेपर आणि पेपर टॉवेल हा तंतूचा शेवटचा मुक्काम. तिथून तो परत येत नाही. मग त्या मुक्कामाला जंगलातून नुकताच आलेला लांब तंतू कशाला पाठवायचा? तिथे रिसायकल केलेला घ्या. लांब तंतू खोक्याला लागू दे, तिथून तो पुन्हा फिरून येईल.

मुलांसाठी एक प्रयोग सांगतो. सुट्टीत नक्की करा. प्रिंटरचे वापरलेले कागद फाडून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. सकाळी ताक घुसळायच्या रवीने घुसळा. मिक्सर नको, त्याचं पातं तंतू कापतं. जुन्या फोटो फ्रेमला खिडकीची जाळी ताणून लावा, लगदा पातळ करून तिच्यावर पसरा, पाणी निथळू द्या, फडक्यावर उलटा करा, दाबा आणि इस्त्रीने वाळवा. असे चार-पाच कागद करा आणि एक बाजूला ठेवून त्यावर '१' लिहा. बाकीचे फाडून पुन्हा भिजवा, पुन्हा करा, त्यातला एक '२' म्हणून ठेवा. असं तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी कागद साधारण तितकाच जाड राहील असं बघा.

मग प्रत्येकाची बोटभर रुंद पट्टी कापा. वरचं टोक चिमट्याने टांगा, खालच्या टोकाला कागदी कप अडकवा आणि त्यात चमचा चमचा तांदूळ घाला. कितव्या चमच्याला पट्टी तुटते ते लिहून ठेवा. दुकानातल्या कागदाशी तुलना करू नका, तो यंत्रावर दाबलेला असतो. तुमच्याच एक नंबरशी दोन, तीन, चार नंबरची तुलना करा. एकाच पट्टीवर भिस्त ठेवू नका, प्रत्येकाच्या तीन-तीन पट्ट्या तोडून पाहा. आणि एक निरीक्षण विसरू नका. जाळीखाली गळणारं पाणी पांढुरकं असेल. खडूची भुकटी आणि चुरा, दोन्ही त्यात असतं. गिरणीतही असंच पाणी निघतं आणि ते टाकून न देता पुन्हा वापरतात. तुम्हीही तेच पाणी पुढच्या कागदाला वापरून पाहा.

शेवटी दिवाळी अंकांबद्दल. आईने, आजीने जपलेले अंक रद्दीत देताना जीव होत नाही, हे मला कळतं. जे जपायचे ते जपा, जे कुणी वाचेल ते जवळच्या महाराष्ट्र मंडळाला विचारून तिथल्या वाचनालयाला द्या. पण जे खरंच कुणी उघडणार नाही, ते कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. प्लॅस्टिकचं वेष्टन काढा आणि कोरडे असताना रिसायकलिंगला द्या. त्यावरची अक्षरं जातील, पण तंतू पुढच्या फेरीला निघेल.

तेव्हा ताई, तुमच्या मुलीला सांगा: कागद सात वेळा मोजून मरत नाही. पहिल्यांदा वाळताना तो थोडा ताठ होतो, पुन्हा पुन्हा रगडून थोडा आखूड होतो, तरी बरीच वर्षं उपयोगी पडतो. फक्त आपण त्याला वाटेत हरवू द्यायचं नाही.

तुमच्या मुलांनी प्रयोग केला तर कितव्या चमच्याला पट्टी तुटली ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू. सर्वांना दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा. आणि हो, खोके सपाट करायला विसरू नका!

नमस्कार.